निरीक्षण : निळा रंग आला नाही

सरांनी अख्खा माठ ओतून दिला. सकाळीच भरलेला, काठोकाठ. व्हरांड्याच्या पायरीवर उपडा केला आणि पाणी वाहत वाहत कुंड्यांपर्यंत गेलं. आठवीचा वर्ग. सगळे पोट्टे-पोट्ट्या माना वळवून पाहून राहिले होते. कोणी पाण्याकडे, कोणी माझ्याकडे. माझ्या हातात बीकर होतं. बीकरमध्ये त्याच माठातलं पाणी होतं आणि ते मी काढलं होतं. गुन्हा तेवढाच.

झालं असं की सर त्या दिवशी मनुका फुगवण्याचा प्रयोग दाखवणार होते. कोरडी मनुका पाण्यात टाकली की तिच्या सालीतून पाणी आत शिरतं आणि ती टम्म होते. तो धडा मला आधीच पाठ होता. सर म्हणाले, बीकरमध्ये पाणी आणा. कोणी आणायचं ते काही म्हणाले नाहीत. रोज कविता आणायची. कविता म्हणजे सरांची पुतणी, पहिल्या बाकावरची. ती लांब दांडीच्या ओगराळ्यानं माठातून पाणी काढून द्यायची. त्या दिवशी ती उठायच्या आधी मीच उठले. ओगराळं कुठं दिसलं नाही, म्हणून सरळ बीकर माठात बुडवलं. मला वाटलं सर शाब्बास म्हणतील. येडीच होते.

सरांनी बीकर माझ्या हातून घेतलं नाही. नुसतं "ठेव तिथं" म्हणाले. मग माठ उचलून बाहेर नेला. परत आले, रुमालाला हात पुसले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलले.

"जंतू कायले म्हनतात ते मागच्या महिन्यात शिकवलं ना? शेनामातीतले हात घेऊन पान्यात घालता. आता नवा माठ आनावा लागन."

जंतू म्हणाले. जात नाही म्हणाले. सर बीएस्सी झालेले होते, त्यांना कुठला शब्द वापरायचा ते कळत होतं. कविताची बोटं त्या दिवशी शाईनं भरली होती, मी स्वतः पाहिली होती. तिच्या बोटांना जंतू नव्हते. माझे हात सकाळी राखेनं घासलेले होते, पण जंतू माझ्याच हातावर होते. आम्ही तेव्हा तेरा वर्षांच्या होतो, पण एवढं गणित सुटायला आठवी लागत नाही.

मग सरांनी मला उभंच ठेवलं आणि शिकवायला लागले. पदार्थ म्हणजे काय? ज्याला वस्तुमान आहे आणि जो जागा व्यापतो त्याला पदार्थ म्हणतात. दगड पदार्थ, पाणी पदार्थ, हवासुद्धा पदार्थ. मी तिथं बाकाच्या कडेला उभी राहून जागा व्यापून राहिले होते. तीच तर सगळी अडचण होती. तास संपेपर्यंत मला कोणी बस म्हणालं नाही.

सुट्टीत शाळेमागं जाऊन रडले. खोटं कायले सांगू.

हे मी सांगते तेव्हा शहरातली माणसं म्हणतात, फार जुनी गोष्ट असेल. जुनी नाही. नवं शतक लागून गेलं होतं. गावात एसटीडीचं बूथ होतं, अर्ध्या घरांवर टीव्हीचे अँटेने होते. शाळा अर्जुनी मोरगावच्या अलीकडच्या एका मोठ्या गावात, खासगी संस्थेची. आमचं गाव तिथून तीन किलोमीटर. आम्ही बौद्ध मोहल्ल्यातल्या पाच-सहा पोट्ट्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, धुऱ्यांवरून चालत शाळेत जायचो. बाबा नागपुरात बांधकामावर होते, दिवाळीला आणि पंचमीला यायचे. घर मायच चालवायची. माय रोवण्याच्या टोळीत होती. धानाचे परे उपटायचे आणि चिखलात रोवायचे, त्याला आमच्याकडे रोवणा म्हणतात. सरांची सोळा एकर होती आणि माय जास्त करून त्यांच्याच बांधीत वाकलेली असायची. सर शाळेत सर होते आणि शेतावर मालक.

माठाच्या दिवसानंतर सरांनी नवीन पद्धत पाडली. प्रयोग पुढच्या टेबलावर व्हायचा. करायची कविता आणि पहिल्या दोन बाकांवरचे. आम्ही मागून उभं राहून बघायचं. प्रयोग झाला की परीक्षानळ्या, बीकर, चिमटे, सगळं एका घमेल्यात घालून आमच्याकडे यायचं. आम्ही बोरिंगवर जाऊन धुवून आणायचं. एकीनं दांडा मारायचा, दुसरीनं घासायचं. काच आमच्या हातची चालत होती. माती चालत नव्हती. आता गंमत बघा, हेच सर आम्हाला शिकवायचे की माठाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि म्हणून माठातलं पाणी थंड. मी बोरिंगवर बसून विचार करायची की मी बीकर बुडवलं तेव्हा नेमकं काय झिरपलं? ते कोणत्या धड्यात आहे?

तीन वर्षं मी नळ्या धुतल्या. एकही नळी भरली नाही.

आता प्रयोगवहीबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं तिच्यावरच आलं. तपकिरी पुठ्ठ्याची वही असायची. एका बाजूला कोरं, चित्र काढायला. दुसऱ्या बाजूला रेघा. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षण म्हणजे आपण डोळ्यांनी काय पाहिलं ते. पण आमच्याकडे निरीक्षण प्रयोगाच्या आधीच लिहून व्हायचं. गाइडमध्ये छापलेलं असायचं, ते उतरवायचं. प्रयोग झाला तरी तेच, नाही झाला तरी तेच, फसला तरी तेच. कोणाच्या वहीत कधी प्रयोग फसलेला नाही. सर वर्षाअखेरी सगळ्या प्रयोगांखाली एकदम लाल पेनानं सही करायचे. दहावीच्या प्रॅक्टिकलला सह्या असलेली वही लागायची, सही नसेल तर मार्क गेले. आता मी स्वतः शिकवते, पोट्ट्यांच्या वह्या तपासते, आणि बाजूच्या शाळांमध्ये अजून हेच चालू आहे ते मला माहीत आहे. मी पण उतरवलं. आठवी, नववी, दोन्ही वर्षं. "मी बीकरमध्ये पाणी घेतले" असं माझ्या वहीत सात ठिकाणी लिहिलेलं आहे. एकदाही घेतलेलं नव्हतं. त्याची लाज माठाच्या लाजेपेक्षा जास्त वाटते, कारण ते माझ्या हातचं आहे.

नववीच्या उन्हाळ्यात पहिला प्रयोग मी स्वतः केला. पुस्तकात होतं की झाड मुळांनी पाणी घेतं आणि पानांतून वाफ करून सोडतं. आमच्या घरामागं जांभळीचं झाड होतं. मावशीनं आणलेलं कापड ज्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत आलं होतं ती मी जपून ठेवली होती. ती सकाळी एका डहाळीवर चढवली आणि सुतळीनं गच्च बांधली. दुपारी पाहिलं तर पिशवी आतून धुकटलेली. संध्याकाळी खालच्या कोपऱ्यात पाणी. चमचाभर असेल. पण पाणी! मी एकटीच अंगणात नाचले. माय कामावरून आली तशी तिला ओढत नेलं. तिनं पिशवी निरखून पाहिली.

"झाडाले घाम सुटला काय वं?"

मी सांगितलं की हे मुळांनी जमिनीतून ओढलेलं पाणी आहे. माय हसायला लागली. म्हणे, जांभळीच्या मुळ्या तिकडे पाटलाच्या विहिरीकडे गेल्या आहेत, म्हणजे आपलं झाड रोज पाटलाचं पानी चोरून पेते. मग पिशवी सोडली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. गोड आहे म्हणाली. मला वाटतं गोड नसेल, पण तिला लागलं.

त्या दिवशी मला कळलं की मला सायन्स घ्यायचं आहे. अकरावीला सायन्सच. दुसरं काही नाही. संस्थेचं ज्युनिअर कॉलेज शाळेच्याच आवारात होतं, सायन्सच्या जागा थोड्या, आणि आमच्या मोहल्ल्यातून तोवर कोणीही तिकडे गेलं नव्हतं. पोट्टे आर्ट्सला जायचे, पोट्ट्या रोवण्याला.

दहावीत, थंडीच्या दिवसांत, स्टार्चचा प्रयोग आला. सर म्हणाले, उद्या प्रत्येकानं घरून मूठभर तांदूळ पुडीत बांधून आणा. आयोडीनचा थेंब टाकला की तांदूळ निळाकाळा होतो, म्हणजे त्यात स्टार्च आहे. मी मायला सांगितलं. मायनं निवडून, खडे काढून, चांगला तांदूळ दिला. शाळेत टेबलावर काचेच्या बशा मांडल्या होत्या. एकेका बशीत दोघा-तिघांचा तांदूळ ओतला. माझी पुडी घेतली तेव्हा सरांनी कविताला खुणावलं. तिनं ती बशीत ओतली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला, त्याच्यावर ओतली. मोहल्ल्यातल्या बाकीच्या पोट्ट्यांचा पण तिथंच.

थेंब टाकायचं काम कविताचं. बशा निळ्या झाल्या. मग ती खिडकीशी गेली, कागदावर थेंब टाकला. तो पण निळा झाला. तसाच्या तसा. अगदी त्याच रंगाचा.

ही गोष्ट मी कुठं सांगितली की कोणी तरी मान हलवून म्हणतंच, किती सुंदर, आयोडीन भेद करत नाही. अहो, आयोडीनला काय करायचं आहे! आयोडीन भेद करत नव्हतं आणि सर करत होते, आणि शाळा सर चालवत होते. निळा रंग पाहून सरांना काहीही वाटलं नाही. त्यांनी बशांमधला उरलेला कोरडा तांदूळ एका डब्यात जमा करायला लावला, शिपायाच्या कोंबड्यांना. खिडकीवरच्या तांदळाकडे बोट दाखवून म्हणाले, तो फेकून द्या.

तो तांदूळ कुठला होता, ते मला माहीत होतं. धान कापणीची मजुरी आमच्याकडे धानातच मिळते. मायनं त्या दिवाळीनंतर सरांच्या सोळा एकरात कापणी केली होती. त्याचं धान घरी आलं, त्याचाच तांदूळ. मी कधी सरांपुढे तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी आपोआप उघडलं.

"सर, हा तुमच्याच बांधीतला आहे."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लय तोंड चालते तुझं," एवढंच म्हणाले आणि घंटा व्हायच्या आधीच निघून गेले. तांदूळ आम्हीच उचलला. शिपायाच्या कोंबड्यांनी तो पण खाल्ला.

त्या संध्याकाळी मी प्रयोगवही उघडली. बाजूला गाइड होतं. उद्दिष्ट उतरवलं, साहित्य उतरवलं. कृतीपाशी आले आणि पेन थांबला. "मी आयोडीनचे दोन थेंब टाकले." मी टाकले नव्हते. मी गाइड मिटलं. मग जे लिहिलं ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

कृती : थेंब मी टाकला नाही. मला टाकू दिला नाही.

निरीक्षण : टेबलावरचा तांदूळ निळा झाला. आमचा तांदूळ खिडकीवर वेगळा ठेवला होता. तोही निळा झाला. आठवीपासून मला प्रयोगाच्या पाण्याला हात लावू दिलेला नाही.

अनुमान : तांदळात स्टार्च असते. आम्हाला वेगळे ठेवण्याला विज्ञानात आधार नाही.

चित्र पण काढलं. टेबल, बशा, खिडकी, खिडकीवरचा कागद. नावं दिली, बाण काढले. चित्र माझं आधीपासून चांगलं होतं.

वह्या तपासून झाल्यावर सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं. वही उघडी होती. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. समजावणीच्या सुरात म्हणाले की बाहेरून परीक्षक येतात, शाळेचं नाव जातं, माझं स्वतःचं नुकसान होतं. हा कागद फाड, गाइडमधलं उतरवून आण, सही करतो. नाही तर पूर्ण वहीवर सही नाही. आणि सही नाही तर प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत, मार्क नाहीत तर सायन्स विसर.

मी वही उचलली आणि घरी आले. दोन दिवस विचार केला. फाडणार होते. खरंच. एक कागद तर आहे, म्हणत होते. सायन्सला गेल्यावर हवं ते लिहीन. कविता मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली होती, घाबरत घाबरत. म्हणाली, मी लिहून देते तुझ्यासाठी, माझं अक्षर काकांना ओळखू येतं पण ते काही म्हणणार नाहीत. ती वाईट नव्हती. मी तिला सांगितलं, तू लिहू नको, तू तर थेंब टाकला होतास, तू तुझं लिही.

तिसऱ्या दिवशी माय दुपारीच घरी आली. उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता, तलावाचं पाणी सुटलेलं, हाताला उसंत नाही असे दिवस. आणि माय दुपारी घरी! पायाचा चिखलही धुतला नव्हता. सरांनी तिला बांधीतून बाहेर बोलावलं होतं. तुझी पोट्टी लय हुशार झाली म्हणाले, उद्यापासून येऊ नको म्हणाले. सगळ्या टोळीसमोर. मायनं मला दोन ठेवून दिल्या. पाठीत. मग भिंतीला टेकून बसली.

"काय लिवलं वं त्या वहीत? वाच."

मी वाचलं. मायला वाचता येत नव्हतं, पण ऐकताना ती डोळे बारीक करायची, तसे केले. खिडकीचं वाचलं तेव्हा तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. कोणता तांदूळ, तिनं निवडलेला का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

"याच्यात लबाड काय आहे?"

मी म्हणाले, काहीच नाही.

"मंग फाडू नोको. पन आता रडत येऊ नोको माह्याजवळ."

दुसऱ्या दिवसापासून ती पाच किलोमीटर लांबच्या गावात रोवण्याला जायला लागली. पहाटेच निघायची. मी तिच्याजवळ रडत गेले नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक गोंदियाहून आले होते. वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. सकाळी आठलाच सुरुवात केली, कारण त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. त्यांनी माझी वही चाळली. एकही लाल सही नाही. शेवटचा प्रयोग आला, तिथं थांबले. पूर्ण वाचलं. चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर खिडकीबाहेर पाहून राहिले होते. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल. पंधरा वर्षांच्या पोट्टीला असंच वाटतं, कोणी तरी मोठा माणूस येईल आणि बोलेल. त्यांनी वही मिटली.

"बेटा, ऐसा नहीं लिखते."

आणि चिठ्ठी उचलायला सांगितली. माझ्या चिठ्ठीवर आलं : हिरव्या पानातील स्टार्चचे परीक्षण.

त्या दिवशी परीक्षा होती म्हणून मला कोणी अडवू शकलं नाही. कुंडीतल्या जास्वंदीचं पान मी तोडलं. पाणी मी घेतलं. दिवा मी पेटवला. पान उकळत्या पाण्यात घातलं, मग स्पिरिटमध्ये, त्याचा हिरवा रंग निघून गेला आणि ते ओल्या कागदासारखं पांढुरकं झालं. काही सांडलं नाही, काही फुटलं नाही. तीन वर्षं धुतलेल्या नळ्या होत्या, कोणती कुठं तडकलेली आहे ते मला ठाऊक होतं. पान धुतलं, बशीत पसरलं. ड्रॉपरनं आयोडीनचे दोन थेंब टाकले. माझे दोन थेंब.

पान निळं झालं नाही.

पिवळट तपकिरी राहिलं, आयोडीनच्याच रंगाचं. मी आणखी एक थेंब टाकला. वाट पाहिली. नाही म्हणजे नाही. माझ्या बाजूच्या पोट्ट्याला पण हाच प्रयोग आला होता, त्याचं पण तपकिरीच. त्यानं शांतपणे उत्तरपत्रिकेवर लिहिलं, पान निळे झाले. मी त्याच्या बशीकडे पाहिलं, त्याच्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्या कागदावर लिहिलं, निळा रंग आला नाही.

परीक्षकांनी वाचलं आणि विचारलं, किताब में क्या लिखा है? मी म्हणाले, निळा होतो. मग तू असं का लिहिलंस? मी म्हणाले, सर, बशीत पाहा ना. त्यांनी पाहिलं. खरंच पाहिलं, वाकून. मग घड्याळ पाहिलं आणि पुढच्या पोट्ट्याकडे गेले.

वीसपैकी आठ आले. बाजूच्या पोट्ट्याला अठरा.

निकालापर्यंत मला झोप लागत नव्हती. मार्कांसाठी नाही. पान निळं का झालं नाही, म्हणून. मी कुठं चुकले? उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे गेले. जखमेला लावायचं टिंचर आयोडीन असतं ना, ते आणि थोडं स्पिरिट मागितलं. त्यांनी कायले पाहिजे विचारलं, मी सांगितलं, त्या हसल्या आणि औषधाच्या छोट्या बाटल्यांमध्ये भरून दिलं. घरी चुलीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळलं, खाली उतरवून त्यात स्पिरिटची वाटी ठेवली. जास्वंदीचं एक पान पहाटे तोडलं, एक दुपारी तीनला, त्याच झाडाचं, त्याच फांदीचं. पहाटेचं तपकिरी राहिलं. दुपारचं निळंकाळं झालं.

असं तीन दिवस केलं. तिन्ही दिवस तेच. झाड दिवसा उन्हात स्टार्च करतं आणि रात्रीतून ते वापरून टाकतं. सकाळच्या पानात जवळजवळ काहीच उरत नाही. परीक्षा सकाळी आठला होती, आणि कुंड्या व्हरांड्याच्या सावलीत. पुस्तक पण खरं होतं आणि माझी बशी पण खरी होती. खोटे होते ते अठरा मार्क. मी चुलीसमोर बसून एकटीच हसले. इतकं हसले की शेजारची काकू डोकावून गेली.

निकाल लागला. बाकीच्या विषयांत चांगले होते. सायन्सचे प्रॅक्टिकलमुळे खाली आले. जूनमध्ये कॉलेजच्या प्रवेशाला गेले. लाइन मोठी होती. टेबलाशी बसले होते आमचेच सर. त्यांच्यापुढे फॉर्मचे दोन गठ्ठे. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि काही न विचारता आर्ट्सचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी म्हणाले, सायन्सचा द्या.

"प्रॅक्टिकलले आठ. सायन्स झेपन का तुले? आर्ट्स भर, तुमच्यासाठी तेच बरं."

तुमच्यासाठी. टेबलापुढे मी एकटीच उभी होते, पण ते तुमच्यासाठी म्हणाले. आठवीत असते तर खाली पाहिलं असतं. मी खाली पाहिलं नाही. म्हणाले, ते आठ मार्क मी जे पाहिलं त्याचे आहेत, आणि सकाळच्या पानाला निळा रंग येत नाही, तुम्ही कधीही करून पाहा. नंबर लागत नसेल तर लागू नका देऊ. पण अर्ज घ्यायला का नाही म्हणता, ते लिहून द्या.

"लाइन अडवू नोको."

"लिहून द्या सर. खाली सही करा."

मागची माणसं कुरकुरायला लागली. कोणाचा तरी बाप म्हणाला, चल ना वं पोरी, कायले तमाशा. सरांनी पेनाला टोपण लावलं. ते लिहिणार नाहीत, हे मला कळत होतं. म्हणून मी आर्ट्सचा फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथंच टेबलावर वाकून लिहिलं. माझं पूर्ण नाव, गाव, तारीख. मी सायन्सचा अर्ज मागितला. दिला नाही. कारण विचारले. सांगितले नाही. खाली माझी सही केली. तो कागद सरांपुढे ठेवला आणि त्याची पोच मागितली.

सरांनी पोच दिली नाही. मी बाजूला पण झाले नाही. मला कोणाची शाब्बासकी नको होती, समजूत नको होती, दुरून, वरून ओतलेल्या पाण्यासारखी मेहेरबानी नको होती. मला सायन्सचा अर्ज पाहिजे होता. आज नाही तर उद्या येईन. या वर्षी नाही तर एक वर्ष रोवणा करीन आणि परत बसेन. इथं नाही तर दुसऱ्या कॉलेजात. पण सायन्सच घेईन, आणि जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहीन. सही करायची तर करा, नाही तर नका करू.